निंजा ११००एसएक्स : इंजिन वाढलं, घोडे कमी झाले. मालक मंडळी, खरं काय ते सांगा

रात्रीचा_प्रवासी (पुणे)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे कावासाकीची २०१८ ची निंजा १००० आहे, ती दोन्ही बाजूंना सायलेन्सरवाली, चाकणला जुळवलेली. २०१७ ला हे मॉडेल आलं तेव्हा एक्स-शोरूम ९.९८ लाख होतं आणि तेवढा आकडासुद्धा घरी सांगताना मी निम्मा गिळला होता. आता ११००एसएक्स बघून आलो, टेस्ट राईड घेतली, आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा. कागदावर इंजिन १०४३ सीसीचं १०९९ झालंय पण पॉवर १४२ पीएसवरून १३६. म्हणजे जास्त पैसे मोजायचे, मोठं इंजिन घ्यायचं आणि वर सहा घोडे परत करायचे, हे कुठलं गणित? पण गंमत म्हणजे चालवताना ती कमी पडते असं एकदाही वाटलं नाही, उलट चौथ्या गिअरमध्ये ज्या वेगाला माझी कुरकुरते तिथून ती निमूट उचलत होती.

तर ज्यांच्याकडे १०००एसएक्स किंवा ११००एसएक्स प्रत्यक्ष दारात उभी आहे त्यांनी लिहा. यूट्यूबवाल्यांचं नको, त्यांना सगळ्याच गाड्या मख्खन वाटतात.

कोल्हापुरी_थ्रॉटल

माझ्याकडं २०२१ ची १०००एसएक्स हाय. भावा सहा घोडे गेले म्हणून गळा काढायचं काय कारण न्हाई. त्या १४२ मधला शेवटचा तुकडा मिळतो १०,००० आरपीएमला, म्हंजे इंजिनाचे मिनिटाला दहा हजार फेरे. आता तूच सांग, पुणे-कोल्हापूर रस्त्याला १०,००० आरपीएम कुठं लावणार? सहापदरीचं काम, डायव्हर्जनवर डायव्हर्जन, आणि गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, अंधारात डायरेक्ट ऊसच दिसतोय समोर. शर्यतीचा बैल आणून नांगराला जुंपायचा आणि मग त्याच्या पळण्याचा हिशोब मांडायचा असला प्रकार हाय आपला.

माझ्या मते खरा बदल २०२० लाच, १०००एसएक्स आली तवाच झाला. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आला, क्रूझ कंट्रोल आला, वर-खाली दोन्हीकडं क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय), टीएफटी डिस्प्ले, आणि दोनाच्या जागी एक सायलेन्सर. ११०० बघितली तर अंगावरचं कापड तेच, आतला माणूस जरा भरलाय. लांबून बघितलं तर माझी कुठली आणि नवी कुठली माझी बायको पण सांगू शकणार न्हाई. (एका अर्थी बरंच हाय ते.)

आकडेबहाद्दर (ठाणे)

म्हणजे रीडिझाईन नाहीच, नवीन स्टिकर. मी म्हणतच होतो.

अण्णा_गॅरेज (सांगली)

स्टिकर कसला, इंजिनाच्या आत हात घातलाय त्यांनी. थोडी आकडेमोड करतो, कंटाळा आला तर खाली सरका.

बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७७ मिमी तीच ठेवली. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, ५६ चा ५९ केला. ३ मिमी फक्त, पण चार सिलिंडरला मिळून १०४३ चे १०९९ सीसी तिथूनच येतात. आता स्ट्रोक वाढला की त्याच आरपीएमला पिस्टनला जास्त पळावं लागतं. जुन्या इंजिनाचा पॉवरचा शेंडा १०,००० ला, तिथं पिस्टनचा सरासरी वेग निघतो सेकंदाला १८.७ मीटर. नवीन इंजिन पण १०,००० पर्यंत ताणलं असतं तर तो १९.७ च्या घरात गेला असता. म्हणून त्यांनी शेंडा ९,००० वर आणून ठेवला, तिथं वेग येतो १७.७. म्हणजे इंजिन मोठं असून शेंड्यावर जुन्यापेक्षा निवांत. आता पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, एका बाजूचे हजार आरपीएम काढून घेतले तर गुणाकार कमी येणारच की. १३६ आले ते असे आले, कुणी चोरले नाहीत.

टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, १११ एनएम होता ८,००० ला, तो ११३ झाला ७,६०० ला. दोन एनएमला हसू नका. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचं प्रोफाइल बदललंय, सगळा भर खालच्या आणि मधल्या आरपीएमवर दिलाय, आणि तुम्ही लोक नव्वद टक्के वेळ तिथंच गाडी चालवता. त्यात युरोपात १ जानेवारी २०२५ पासून युरो ५+ हा प्रदूषणाचा नियम सगळ्या नवीन गाड्यांना लागू झाला, वरच्या आरपीएमला धूर आणि आवाज दोन्ही सांभाळणं अवघड होत चाललंय, त्यामुळं पुढं बऱ्याच कंपन्या हाच रस्ता धरतील असं आपलं माझं मत.

रात्रीचा_प्रवासी (पुणे)

अण्णा दंडवत. हे एवढं सोपं कुणी शोरूममध्ये सांगितलं असतं तर धागाच काढला नसता. तिथला पोरगा मला ब्लूटूथ कसं जोडायचं तेच दाखवत होता, मोबाईलवर ॲप, ॲपवर गाडीचा फोटो.

आकडेबहाद्दर (ठाणे)

अण्णांशी वाद नाही. पण मग पैशाचं बोला ना. १०००एसएक्स मे २०२० मध्ये आली तेव्हा १०.७९ लाख. ११००एसएक्स डिसेंबर २०२४ ला आली ती १३.४९ लाखाला. साडेचार वर्षांत २ लाख ७० हजार, तेही एक्स-शोरूम, वर रोड टॅक्स, विमा आणि शोरूमवाले जे काय 'हँडलिंग' लावतात ते. आणि त्याच्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी. ३५० सीसीच्या आतल्यांना २८ चा १८ झाला, पेढे वाटले लोकांनी. वरच्यांना आधी २८ अधिक ३ सेस म्हणजे ३१ होता तो सरळ ४०. सरकारच्या लेखी ही चैनीची वस्तू. त्यात आपल्याला काय मिळालं, ३ मिमी स्ट्रोक आणि यूएसबी-सी.

मिसळ_तर्री (नाशिक)

माझ्याकडे ११००एसएक्स आहे, जीएसटी वाढायच्या आधी घेतली म्हणून थोडा बचावलो. आधी निंजा ६५० होती. वरती सगळे आकड्यांवर बोलतायत म्हणून मी जरा चालवण्याचं लिहितो, लांबलं तर माफ करा.

पहिली गोष्ट पाचवा आणि सहावा गिअर. हे दोन्ही लांब केलेत त्यांनी. मुंबई-नाशिक जाताना सहाव्यात टाकली की इंजिन जवळजवळ गप्प असतं, हँडलवर बारीक मुंग्या यायच्या त्या वेगाला आता आरपीएमच खाली असतात. भीती वाटली होती की लांब गिअर म्हणजे ओव्हरटेकला प्रत्येक वेळी खाली यावं लागेल, पण तिथेच तो वाढलेला टॉर्क कामाला येतो. अण्णा म्हणतात तेच, दोन्ही गोष्टी एकत्र बघायला पाहिजेत, नुसता गिअर लांब केला असता तर शिव्या खाल्ल्या असत्या त्यांनी.

दुसरी गोष्ट क्विकशिफ्टर. १०००एसएक्सचा २,५०० आरपीएमच्या वर चालायचा, याचा १,५०० पासून चालतो. वाचताना वाटतं काय फरक पडतो, पण द्वारका सर्कलच्या गर्दीत किंवा कसाऱ्यात कंटेनरच्या मागे रांगत असताना क्लच न दाबता वर-खाली करता येतं हे संध्याकाळी डाव्या मनगटाला विचारा. माझ्यासाठी हा एक बदल सहा घोड्यांपेक्षा मोठा आहे.

मागची डिस्क २५० ची २६० मिमी केलीय. एकटा असताना फारसं जाणवत नाही, मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना पॅनिअर (सामानाचे डबे) भरलेले असताना घाट उतरताना मागचा ब्रेक जरा जास्त विश्वासाचा वाटतो. टायर ब्रिजस्टोनचे एस२३ येतात, पकड उत्तम, पण हे स्पोर्ट टायर आहेत, टूरिंगवाले नाहीत. लांबच्या राईडा करणाऱ्यांनी हे झिजले की पुढचा सेट स्पोर्ट-टूरिंगमधला घ्यावा. १९०/५० मागचा टायर आहे, खिशाला विचारून घ्या.

नावडती गोष्ट? विंडस्क्रीन अजून हातानेच वर-खाली करायची. आणि सस्पेन्शन सगळं पान्यानं आणि नॉबनं. या पैशात इलेक्ट्रॉनिक मागणं अति होईल का माहीत नाही पण मनात येतं खरं.

कोल्हापुरी_थ्रॉटल

इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन नको रे बाबा. आंबोलीच्या पावसात ते बसलं तर कुणाकडं नेणार? नॉब बरा. मागं माणूस बसला की उजव्या-डाव्या हातानं दोन वेढे, काम तमाम.

मागची_सीट (मुंबई)

सगळे पुढून बोलताय, कुणीतरी मागून पण बोला. मी चालवत नाही, माझा नवरा चालवतो, आधी तुमच्यासारखीच दोन सायलेन्सरवाली होती आणि आता ११००. मुंबई ते गोवा आणि मुंबई ते महाबळेश्वर मी दोन्ही गाड्यांच्या मागे बसून गेलेय त्यामुळे मत द्यायचा हक्क आहे असं धरते.

सीटची गादी नव्यात बरी आहे. पकडायला दोन्ही बाजूंना दांडे आहेत ते महत्त्वाचे, कारण ही मंडळी 'जरा बघतो' म्हणतात आणि मान मागे जाते. पण मागची सीट उंच आहे आणि पाय दुमडून बसावं लागतं, माझी उंची जेमतेम आहे म्हणून चालतं, सहा फुटी माणसाने मागे बसायचं स्वप्न बघू नये. वारा डोक्यावर येतो, विंडस्क्रीनचा फायदा सगळा पुढच्याला. आणि क्विकशिफ्टरचं कौतुक चाललंय म्हणून सांगते, मागच्या माणसाला त्याचा खरंच उपयोग होतो, पूर्वी प्रत्येक गिअरला माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटायचं, टक टक टक खोपोलीपर्यंत. ते आता बंद आहे. घोडे किती ते मला माहीत नाही.

कंपनीचे पॅनिअर २८-२८ लिटरचे. त्यात फुल फेस हेल्मेट बसतं हे ठीक, पण दोन माणसांचं चार दिवसांचं सामान बसवायला मला साडीच्या घड्या घालायचं सगळं ज्ञान वापरावं लागतं.

उंची_पाच_तीन (डोंबिवली)

मागची_सीट ताई +१ आणि मी पुढून बोलते. माझी १०००एसएक्स, स्वतः चालवते. उंची नावातच आहे. सीट ८३५ मिमीच्या आसपास आणि वजन २३८ किलो, हे वाचून तीन जणांनी मला 'तुमच्यासाठी नाही मॅडम' सांगितलं होतं, त्यातले दोघे मला ओळखतही नव्हते. सीट पुढे निमुळती आहे त्यामुळे एक पाय पूर्ण टेकतो, दुसऱ्याचा चवडा. पार्किंगला उतार बघून लावायची, उताराकडे तोंड करून कधीच नाही, कारण २३८ किलो मागे ओढायला कुणी येत नाही. बाकी एकदा चाकं फिरली की वजन कुठे जातं कळत नाही. कमी उंचीची सीट ॲक्सेसरीमध्ये मिळते, फोम कापायला जाऊ नका, माझी एका ठिकाणी कापून घेतलेली सीट दुसऱ्या पावसाळ्यात पाणी प्यायला लागली.

श्टुटगार्टकर (जर्मनी)

मूळचा सातारचा, इकडे ११००एसएक्सचं एसई मॉडेल चालवतो. भारतात स्टँडर्डच आणलंय. एसईला मागे ओलिन्सचा एस४६ शॉक आणि पुढे ब्रेम्बोचे ब्रेक कॅलिपर. इंजिन सगळं तेच.

इकडे ऑटोबानवर बऱ्याच भागात वेगमर्यादा नाही, १३० ची नुसती शिफारस असते, त्यामुळे '१४२ की १३६' हा प्रश्न इकडे तरी खरा असायला पाहिजे ना? तर इकडच्या ग्रुपवर पण हीच रडारड झाली आणि मग ज्यांनी घेतली ते गप्प झाले. सरळ रस्त्यावर २०० च्या वर जुनी किंचित जास्त आतुर वाटते हे खरं आहे. पण सरळ रस्त्यावर २०० करायला कोण जातं, वारा खाऊन मान दुखते आणि टाकी १९ लिटरची, पंप शोधत बसा. मजा श्वार्त्सवाल्डमध्ये आहे, बी५०० नावाचा रस्ता आहे बाडेन-बाडेनहून फ्रॉइडनश्टाटकडे जाणारा, वळणामागून वळण. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये टाकायची आणि विसरायचं. वळणातून बाहेर येताना ३-४ हजाराला जी ओढ आहे ती जुन्यात नव्हती.

इकडे मात्र या वर्गात पर्याय भरपूर. यामाहाची ट्रेसर ९ जीटी, सुझुकीची जीएसएक्स-एस१०००जीटी, होंडाची एनटी११००. त्यांच्याशेजारी उभी केली की कावासाकी 'स्पोर्ट' जास्त आणि 'टूरिंग' कमी वाटते. तुमच्याकडे यातली एकही विकत नाहीत ना अजून?

आकडेबहाद्दर (ठाणे)

नाही ना! तेच तर दुखणं आहे. इकडे या वर्गात दुकान एकच. म्हणून तर किंमत आम्ही ठरवत नाही, ते ठरवतात.

सायलेन्सर_सम्राट (पिंपरी)

सगळं ठीक पण स्टॉक आवाज कसा आहे ते कुणीच लिहिलं नाही. ११०० ला बाहेरची फुल सायलेन्सर सिस्टिम कुणी लावली का? घोडे तिथेच परत मिळतील.

श्टुटगार्टकर (जर्मनी)

सम्राट, इकडे बिना-मान्यतेची नळी लावलीत तर टेक्निकल तपासणीत गाडी घरी पाठवतात. शेजारी ऑस्ट्रियाच्या तिरोलमध्ये तर २०२० पासून उन्हाळ्यात काही घाटरस्ते अशा बाईकना बंदच आहेत ज्यांच्या कागदावर उभ्या गाडीचा आवाज ९५ डेसिबलच्या वर लिहिलाय. स्टॉक असली तरी बंदी. लोक गाडी घ्यायच्या आधी तो आकडा बघतात आता.

अण्णा_गॅरेज (सांगली)

आणि नुसती नळी बदलून घोडे परत येत नाहीत सम्राट, कॅम कुणी बदलायचा? आवाज वाढतो आणि कानाला वाटतं पॉवर वाढली. शेजाऱ्यांना पण वाटतं.

वऱ्हाडी_ठसका (नागपूर)

अरे भाऊ तुम्ही लोक १३६ न १४२ करून राह्यले, आमच्या इथून समृद्धी सुरू होते, ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ ले पुरा रस्ता मुंबईकडं आमण्यापर्यंत खुला झाला, एकदम सरळसोट. अन् टू व्हीलरले बंदी! चौदा लाखाची टूरिंग गाडी घ्या न मंग जुन्या रस्त्यानं अमरावती, अकोला करत भटकत बसा. एखादी जुनी खटारा कार त्याच्यावर आरामात जाते, अन् एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, क्रूझ सारं असलेली गाडी नाही जात.

मी बुलेटवाला हाव, मले काही घेणंदेणं नाही, पण क्रूझ कंट्रोल लावून तुम्ही जाता कुठं हे एकदा सांगा.

रात्रीचा_प्रवासी (पुणे)

ठसका भाऊ जखमेवर मीठ. नुसती समृद्धी कुठे, यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्गावर नाही, वांद्रे-वरळी सी लिंकवर नाही, कोस्टल रोडवर नाही, अटल सेतूवर नाही. महाराष्ट्रात जिथे जिथे ही गाडी शोभली असती तिथे तिथे पाटी आहे. आणि जिथे परवानगी आहे तिथे कायद्याने चौपदरी हायवेवर दुचाकीला ८०. आठ-शून्य. माझी दुसऱ्या गिअरमध्ये ८० च्या पुढे जाते.

आकडेबहाद्दर (ठाणे)

टोल लागत नाही हे पण सांगा की. ४० टक्के जीएसटीमधून तेवढं वजा करा.

मिसळ_तर्री (नाशिक)

क्रूझ कंट्रोल मी ८० लाच लावतो, खरंच. नाशिक-धुळे रस्त्याला सकाळी सहाला. उजवं मनगट सुटं होतं, पाणी पिता येत नाही पण खांदे हलवता येतात. चालानपासून वाचायला याच्यासारखं काही नाही, कारण ही गाडी ८० वर धरून ठेवणं हे हाताचं काम नाहीच, गप्पा मारता मारता ११० होतात. रात्री मात्र कधीच लावू नका, वर कोल्हापूरकरांनी उसाच्या ट्रॉलीचं लिहिलंय ते आमच्याकडे कांद्याच्या ट्रॅक्टरला लागू आहे.

पेडणेकर_भटका (गोवा)

मी तुमच्या भांडणात वेगळाच मुद्दा टाकतो. ग्राउंड क्लिअरन्स किती? १३५ मिमीच्या आसपास. कोकणातून येणार कसे? एनएच ६६ चं रुंदीकरण २०११ पासून चाललंय, कशेडीचा बोगदा झाला तेवढा आराम मिळाला, पण मधेमधे पुलाजवळ जो सिमेंटचा उंबरा येतो तो १३५ मिमीच्या गाडीला आणि १७ इंची चाकाला दयामाया दाखवत नाही. चोर्ला घाटाचं पावसाळ्यानंतर काय होतं ते बेळगावकरांना विचारा. गावात शिरलात की स्पीडब्रेकर, त्यावर पट्टा नाही रंग नाही, ज्याच्या घरासमोर आहे त्याच्या मर्जीची उंची.

हेच इंजिन १०९९ चं कावासाकीच्याच व्हर्सिस ११०० मध्ये आहे. १३५ पीएस, ११२ एनएम, म्हणजे तुमचा अख्खा वाद तिथे लागूच होत नाही. टाकी २१ लिटर, क्लिअरन्स १५० मिमी, सस्पेन्शनचा प्रवास जास्त, बसायला सरळ, आणि फेब्रुवारी २०२५ ला आली तेव्हा १२.९० लाख, म्हणजे स्वस्त! मागे बसणाऱ्यांचे पाय पण कमी दुमडतात. मी तीच घेतली. दिसायला उंटासारखी आहे असं मुलगी म्हणते, म्हणू दे.

कोल्हापुरी_थ्रॉटल

पेडणेकर तुमचं सगळं बरोबर हाय आणि तरीबी माझ्याच्यानं होणार न्हाई. निंजा ती निंजा. सकाळी पार्किंगमधून बाहेर काढताना मागं वळून बघावंसं वाटलं पाहिजे.

पेडणेकर_भटका (गोवा)

मग वळून बघत असताना तो स्पीडब्रेकर पण बघा.

मागची_सीट (मुंबई)

व्हर्सिसचं नाव आमच्या घरात मी दोनदा काढलं होतं. विषय बदलण्यात आला.

अण्णा_गॅरेज (सांगली)

क्लिअरन्सचं एक सांगतो. नुसता आकडा वाचू नका, प्रीलोड, म्हणजे मागच्या स्प्रिंगचा ताण, बरोबर लावलेला नसला की माणूस आणि सामान टाकल्यावर मागची बाजू बसते आणि आहे ती उंची पण जाते. या गाडीला पान्याशिवाय फिरवायचा प्रीलोडचा नॉब दिलाय बाजूला, माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या मालकांनी तो हातच लावलेला नसतो. पॅनिअर लावले की फिरवा, काढले की परत आणा. फुकट आहे.

दुसरं म्हणजे पेट्रोल. आता सगळीकडं ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं. रात्रीचा_प्रवासी, तुमच्या २०१८ वालीच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल लिहिलंय, १०००एसएक्सवाल्यांनी पण आपापलं मॅन्युअल उघडून बघा. लगेच काही पेटणार नाही, घाबरवत नाही. पण गाडी महिना-महिना उभी राहत असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि रबरी नळ्या, ओ-रिंग सर्व्हिसला बघायला सांगा. ॲव्हरेज थोडं कमी येणार ते येणारच, इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी असते. माझ्या मते जुनी बदलायचं कारण शोधताय तर घोड्यांपेक्षा हे कारण जास्त पटण्यासारखं आहे.

आकडेबहाद्दर (ठाणे)

अण्णा तुम्ही आता त्यांना नवीन घ्यायला लावणार. ॲव्हरेज किती देते नवी, मिसळवाले?

मिसळ_तर्री (नाशिक)

हायवेला सभ्यपणे चालवली तर १८-१९, घाटात आणि मनात आलं तर १५. लांब गिअरचा फायदा सहाव्यात दिसतो, शहरात काही नाही. शहरात उन्हाळ्यात उजव्या मांडीला गरम वारा येतो तो येतोच, लिटरभराचं चार सिलिंडर पायांच्या मधे ठेवल्यावर दुसरं काय होणार, सिग्नलला पँट जाड हवी.

रात्रीचा_प्रवासी (पुणे)

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. माझं मत आता असं होतंय की १०००एसएक्स ज्यांच्याकडे आहे त्यांनी बदलायचं काहीच कारण नाही, क्रूझ आहे, क्विकशिफ्टर आहे, डिस्प्ले आहे, नवीत टॉर्क जरा वर आहे एवढंच. कोल्हापूरकर तुम्ही शांत झोपा. पण माझ्यासारखे २०१७-१८ वाले जे मधली एक पायरी चुकवून थेट येतायत त्यांना फरक मोठा आहे, आणि तो इंजिनापेक्षा बाकीच्या गोष्टींचा जास्त आहे. घोड्यांचा मुद्दा अण्णांनी माझ्यापुरता मिटवला.

अडतंय ते किमतीवर, आणि दुसरं म्हणजे मला त्या दोन सायलेन्सरचा मागून दिसणारा तोल फार आवडतो. नवी मागून एका बाजूला झुकल्यासारखी दिसते. हे कुणाला पटवून देता येणार नाही मला माहितेय.

उंची_पाच_तीन (डोंबिवली)

पटलं. मी पॅनिअर कायम लावून ठेवते, मागून काहीच दिसत नाही.

कोल्हापुरी_थ्रॉटल

एक काम कर. मिसळवाल्यांना पुण्याला बोलव, मी वर येतो, तिघांच्या तीन पिढ्या वाईच्या बाजूला नेऊ, पसरणी घाट चढू आणि गाड्या बदलून बघू. शोरूमची टेस्ट राईड म्हंजे चौकातनं चौकात. घाटात मागं माणूस बसवून चालवल्याशिवाय ११०० चं काय कळणार न्हाई. मिसळ खायला नाशिकला परत जायची गरज न्हाई, आमची आणतो.

मिसळ_तर्री (नाशिक)

राईडला तयार. मिसळीवर मात्र वेगळा धागा काढा, तिथे बोलतो.

मागची_सीट (मुंबई)

मागे बसवायला माणूस लागणार असेल तर मी येते, पण माझ्या अटी आहेत. तिन्ही गाड्यांवर सारखा वेळ, आणि 'जरा बघतो' म्हणायचं नाही.

वऱ्हाडी_ठसका (नागपूर)

बाकी राहू द्या. रात्रीचा भाऊ, ते दोन नळीवाली विकाची असंन तर किती किलोमीटर झाली, सेकंड ओनर ले काय भावात देशीन? मले काही घेणंदेणं नाही म्हटलं होतं ते बुलेट असल्यामुळं म्हटलं होतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.